एका नावावर दोन पगार

लायसन्सं हातात पडून वर्षही झालं नव्हतं, तोच दोघं नवराबायको एका ट्रकवर लागली. ज्या कारखान्यात दोघं कपडे शिवत होती तो बंद पडला, तेव्हा तीच म्हणाली होती, "आपण दोघंही गाडी शिकू. एक चालवेल, एक झोपेल." मालकाला जोडी पसंत पडली. गाडी थांबायचं नाव नाही, माल वेळेआधी पोचता! यार्डातले सगळे तिला वहिनी म्हणत आणि ती गाडी मागे घ्यायला लागली की चहाचे कप घेऊन तमाशा बघायला गोळा होत. पुढे ती सुसाट जायची, मागे घेताना मात्र तारांबळ उडायची. मग ती मुकाट्यानं जागा नवऱ्याला द्यायची.

पहिला पुरा महिना भरला. नवरा ऑफिसातून पगाराची स्लिप घेऊन केबिनमध्ये चढला, तो तोंड पाडूनच.

"काय झालं?"

"काही नाही गं. टॅक्स जरा जास्त कापलाय."

तिनं स्लिप ओढून घेतली. जरा कसला, चांगला लचकाच तोडला होता. मुलीला नणंदेकडे ठेवलेलं, तिचा खर्च पाठवायचा होता. खोलीचं भाडं तुंबलं होतं. तिनं कागद उलटसुलट केला.

"अहो, यात माझं नाव कुठाय?"

"एकाच गाडीचा पगार आहे ना. येतोय घरातच."

ती खाली उतरली आणि तडक हिशेबनिसाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. हिशेबनीस माणूस वाईट नव्हता. त्यानं समजावून सांगितलं: दोघांचा पगार एका माणसाच्या नावावर पडला की त्याची मिळकत मोठी दिसते आणि करही वरच्या दरानं लागतो. वेगवेगळा दाखवला असता तर दोघांनाही नावापुरताच लागला असता.

"मग दाखवा की वेगळा."

"ते मालकांना विचारावं लागेल, वहिनी. त्यांना एकच नाव सोयीचं पडतं."

"आणि उद्या रस्त्यात मला काही झालं तर?"

हिशेबनिसानं चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "कागदावर तुम्ही गाडीत नाहीच," तो हळूच म्हणाला.

कालच ती दाट धुक्यातून घाट उतरली होती. समोरचं काही दिसत नव्हतं, मागच्या बर्थवर नवरा घोरत होता, आणि तिनं जीव मुठीत धरून गाडी खाली आणली होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो घाबराघुबरा झाला. "गप्प बस. नव्यांना काढून टाकायला किती वेळ लागतो? आणि तुझा पगार तुझ्या खात्यात जायला लागला की..."

"की काय?"

"काही नाही." गाडी उभी होती, तरी तो आरशात बघत राहिला.

पुढच्या दोन्ही खेपांना ती स्टिअरिंगवर बसली की हिशेबनिसाचे शब्द कानात घुमायचे. तिसऱ्या खेपेआधी ती मालकासमोर जाऊन उभी राहिली. नवरा मागे दाराशीच घुटमळला.

मालकानं शांतपणे ऐकून घेतलं. "देतो तुमचं नाव. पण दोन नावं म्हणजे दोन ड्रायव्हर झाले. दोघांना एका गाडीवर कशाला बसवू? छोटी गाडी नुसती उभीच आहे. चालवाल एकट्या?"

"नको साहेब, आहे तसंच राहू दे," नवरा घाईनं म्हणाला.

गाडी मागे कोण घेणार, हीच धास्ती पहिली तिच्या मनात आली. तरी तोंडातून निघून गेलं, "घेते."

त्या आठवड्यात नवरा तिच्याशी कामापुरतंच बोलला.

एकटीच्या पहिल्या खेपेला नेमकं गोदामाचं फाटक अरुंद निघालं. आत वळायला जागा नव्हती. गाडी मागूनच घालायला हवी होती. ती उतरली, मागे जाऊन बघून आली, पुन्हा चढली. थोडी मागे, पुन्हा पुढे. मागे अडकलेल्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. तळहात घामानं निसटत होते. फोन वाजला. नवऱ्याचा होता, पण तिनं उचलला नाही.

"बाई, कुणाला बोलावू का?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"नको. तुम्ही फक्त बाजूला व्हा."

कर्रकन आवाज झाला. डावा आरसा खांबाला घासला होता. पण गाडी आत गेली.

माल उतरत असताना तिनं फोन लावला.

"घेतलीस मागे?" नवऱ्यानं पहिल्याच दमात विचारलं.

"घेतली. आरसा घासला."

"अरे देवा! पगारातून कापतील."

"कापू देत. माझ्याच पगारातून कापतील ना."

पलीकडून केबिनचं दार आपटल्याचा आवाज आला. रागावला की काय, तिला कळेना. फोनवर तोंड दिसत नाही, हे एक वाईट असतं.

"जेवलीस का?" शेवटी त्यानं विचारलं.

"अजून नाही."

"जेव आधी. आणि आरशाचं मालकांना तूच सांग. दुसऱ्याकडून कळायला नको."

महिनाअखेर दोन स्लिपा आल्या. आरशाचे पैसे खरंच कापले होते, पण दोघांचा मिळून करही पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी होता. नणंदेचे पैसे वेळेवर गेले. नवऱ्यानं तिची स्लिप दोनदा वाचली, नीट घडी घालून तिच्या हातात दिली आणि विचारलं, "उद्या कुठली खेप?"

तिनं सांगितलं. रस्ता नवा होता, आणि तिथल्या गोदामाचं फाटक कसं आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.