राखणदाराचा पोपट

आमच्या ह्यांना सगळं गाव नानाजी म्हणतं, म्हणून मीही इथं नानाजीच म्हणते. नाहीतर सारखं 'हे, हे' करत बसले तर वाचणाऱ्याला कळायचं नाही की कोण हे.

केळापूरच्या अलीकडे, नाल्याला लागून आमचं शेत आहे. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. ज्वारी आता कुणी पेरत नाही, कारण ज्वारी पेरली की पाखरं राखावी लागतात, आणि मचाणावर दिवस काढायला वेळ कुणाला आहे? नानाजींना होता. दरसाल हट्टानं ते ज्वारीचा एक तुकडा पेरायचे आणि दाणा भरला की पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन मचाणावर चढायचे. आसपासचे झाडून सगळे पोपट त्या एका तुकड्यावर उतरायचे आणि नानाजी डबा बडवून त्यांना हाकलायचे. घरात महिनाभर बोलणार नाहीत इतकं ते एका सकाळी पोपटांना शिव्या देताना बोलत.

तर असा हा पोपटांचा वैरी एका एप्रिलमध्ये दुपट्ट्यात पोपटाचं पिल्लू गुंडाळून घरी आला.

"हे काय आणलं बापा?" मी विचारलं.

"नाल्यावरचा निंब पडला रातच्या वादळानं. ढोलीत तीन होते. हे एकच हालून राह्यलं होतं."

"मंग आता कणसं तोडून चारता काय याले?"

नानाजी चण्याची डाळ भिजत घाल म्हणाले आणि पिल्लाला उजेडात धरून पाहत बसले. पंख धड फुटलेले नव्हते, पोट उघडं, आणि डोकं अंगापेक्षा मोठं. हे दोन दिवसही जगायचं नाही असं मला वाटलं होतं, पण नानाजींनी बोटाच्या टोकावर वाटलेली डाळ घेऊन घेऊन त्याला जगवलं.

पंख आले तसा त्याला माणसाचा धाक कळायला लागला. हात दिसला की ते कोपऱ्यात घुसायचं, चोच उघडून ओरडायचं. मी अंगणवाडीत सेविका होते. भोकाड पसरणारी किती पोरं मी खाऊ दाखवून जवळ केली असतील, म्हणून मला वाटायचं की यातलं मला जास्त कळतं. मी सरळ पकडून मांडीवर घ्यायला गेले आणि बोट फोडून घेतलं.

नानाजींची तऱ्हा वेगळी होती. पडवीतल्या बाजेच्या एका टोकाला पिल्लू सोडायचं आणि दुसऱ्या टोकाला त्याच्याकडे पाठ करून बसायचं. शेंग सोलायची, दाणा मागे बाजेवर ठेवायचा, आणि आपण आपले अंगणात पाहत राहायचे.

"पाहा तरी त्याच्याकडं," मी म्हणायचे.

"डोये लावले का त्याले वाटते, आपण त्याले खाऊन राह्यलो."

दाणा आज जिथं ठेवला त्याच्या थोडा अलीकडे उद्या. मग मांडीवर. मग तळहातावर. तळहातावरचा दाणा घेताना त्यानं एकदा अंगठ्याला असा चावा घेतला की रक्त आलं. मी असते तर झटकून दिलं असतं. नानाजींचा हात हलला नाही. ते रक्त तसंच वाहू देत बसले आणि पोपट दाणा खाऊन होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घेत होते. त्यानंतर तो त्यांना कधी चावला नाही.

आता डब्याचं सांगते. राखणीचा डबा हंगाम सोडून बाकी वर्षभर पडवीत पडून असायचा. उंदीर लागू नयेत म्हणून शेंगदाणे त्यातच ठेवलेले. दाणा काढायच्या आधी नानाजी डब्यावर काठीनं दोनदा वाजवायचे. कशाला वाजवायचे कुणास ठाऊक. हाताला सवय, दुसरं काय. पण पोपटानं ते पक्कं धरलं. पाऊस सुरू झाला तोवर तो उडायला लागला होता, दिवसभर कुठं कुठं फिरायचा, पण डबा वाजला की कुठल्याही झाडावरून सरळ नानाजींच्या खांद्यावर. लोक मुद्दाम पाहायला यायचे. पोपटांच्या वैऱ्याच्या कानाशी पोपट बोलतो म्हणून हसायचे.

मी त्याला जावई म्हणायचे. लग्न झाल्यापासून या माणसानं मला एक शेंग सोलून दिली नव्हती आणि ह्याची सरबराई काय चालली होती! मी चिडवायचे, "तो दाण्यासाठी येते. तुमच्यासाठी नाई. दाणे बंद करून पाहा, कोण तुम्ही अन् कोण तो."

"पाहू," म्हणायचे ते, आणि हसायचे. ते हसायचे हे माझ्यासाठी नवीन होतं.

खरं सांगू? मला आतून फार बरं वाटायचं. आमचा आयुष लहान होता तेव्हा घरात सासरे होते, मोठे दीर होते. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल कडेवर घ्यायची तेव्हा पुरुषांना लाज वाटायची, तशी रीतच होती. नानाजींनी आयुषला कधी मांडीवर घेतलं नाही. तो रडत पायाशी आला तरी ते मला हाक मारायचे. आता आयुष पुण्याला नोकरीला आहे. फोन करतो, माझ्याशी अर्धा तास बोलतो, आणि बाबांना विचारतो, "जेवलात का?" हे म्हणतात, "जेवलो." झालं. दोघांनाही पुढचं येत नाही. म्हणून त्या पोपटाला खांद्यावर घेऊन अंगणात फिरताना, त्याच्या डोक्यावर गाल टेकवताना मी त्यांना पाहायचे, तेव्हा वाटायचं की उशिरा का होईना, या माणसाचा एक हात मोकळा झाला.

आमच्या शेजारचं शेत मोहिउद्दीनभाईंचं. पांढरकवड्यात त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. त्या साली त्यांनी मका लावला आणि राखायला श्रावण नावाचा पोरगा ठेवला. मक्याला दाणा धरला आणि श्रावणनं डबा वाजवायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी सगळे पोपट उडून गेले आणि एक जाऊन त्याच्या डोक्यावर बसला. श्रावण घाबरून मचाणावरून पडता पडता वाचला. मोहिउद्दीनभाई पोपटाला आणून द्यायला आले तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "नानाजी, तुमचा जावई तं उलटाच शिकला! डबा वाजवला का जवळ येते!" आम्हीही पोट धरून हसलो. नानाजी तेवढे हसले नाहीत. ते डब्याकडे पाहत राहिले.

चार दिवसांनी श्रावण स्वतःच आला. दोन्ही हातांच्या ओंजळीत पोपट होता आणि त्याचा डावा पाय मोडून लोंबत होता.

"नानाजी, म्या मुद्दाम नाई मारला. थव्यावर गोफण टाकली. सगळे तिकडं पळाले, हा इकडं आला. गोट्याच्या सामनेच आला."

त्याची काय चूक? पोपट हाकलायलाच त्याला ठेवलं होतं. मोहिउद्दीनभाईंच्या बायकोनं, हुस्नाबीनं, खराट्याची काडी लावून, हळद भरून पाय बांधून दिला. पाय जुळला, पण नीट नाही. पोपट उडाला की तो डावा पाय खाली लोंबत राहायचा, बाकीच्यांसारखा पोटाशी जायचा नाही.

हुस्नाबीनं घरातला जुना पिंजराही दिला. "हंगाम निघेपर्यंत ठेवा यात," म्हणाली. मोहिउद्दीनभाई म्हणाले, पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्यात बसत नाही, वनखात्याला कळलं तर घेऊन जातील. पण तो प्रश्न आलाच नाही. पिंजऱ्यात त्यानं दाण्याला तोंड लावलं नाही. आपल्याच छातीची पिसं उपटून काढली. दुसऱ्या संध्याकाळी नानाजींनी दार उघडलं आणि तो त्यांच्या मानेत डोकं खुपसून बसला.

"दाणे देणं बंद करा," मी म्हटलं. "डबा वाजवा अन् काहीच देऊ नका. आपोआप येणं सोडते."

तसं केलं. नानाजी डबा वाजवायचे, पोपट यायचा, ते हात रिकामा दाखवायचे. तो हाताकडे पाहायचा, मग खांद्यावर चढून बसायचा आणि कानाशी कुरकुर करत राहायचा. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा झाला तरी तेच. डबा रिकामा आहे हे त्याला कळलं होतं, आणि तरी तो येत होता.

आमच्या दोघांमधला वाद असा मिटला. मी हरले. नानाजी जिंकले, आणि त्यांच्याइतकं दुःखी मी कुणाला जिंकताना पाहिलं नाही.

आमची ज्वारी निसवली होती, कणसं बाहेर पडली होती. पंधरा दिवसांत दाणा भरणार, मग आमच्या मचाणावर डबा, मोहिउद्दीनभाईंच्या मचाणावर डबा, नाल्यापलीकडे आणखी कुणाचा. प्रत्येक डब्याला तो जाणार आणि प्रत्येकाच्या हातात गोफण असणार. नानाजी दोन दिवस जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्याले डब्याचं भेव शिकवाव लागते."

"मी करीन," मी म्हटलं. "तुमी घरात बसा. मी होईन वाईट. तुमी त्याच्यासाठी चांगलेच राहा."

मला खरंच वाटलं होतं की हे त्यांच्यावरून काढून घ्यावं. मी डबा घेतला, अंगणात उभी राहिले, वाजवला. पोपट आला, माझ्या डोक्यावरून गेला आणि पडवीत नानाजींच्या खांद्यावर जाऊन बसला. मी त्याच्यावर ओरडले, पदर झटकला, तर तो त्यांच्या मानेमागे लपला.

नानाजी उठले. त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला. "तुह्यापासून पळून माह्याकडंच येईन तो," ते म्हणाले. "माह्यापासून पळाला पाह्यजे."

त्यांनी पोपटाला अंगणातल्या निंबावर सोडलं. शेतात वापरतात ती चिंध्या बांधलेली काठी आणली. डबा वाजवला. पोपट नेहमीसारखा उतरला, आणि खांद्यावर टेकायच्या आत नानाजींनी ती काठी त्याच्या अंगावर फिरवली आणि शेतातली ती आरोळी ठोकली. मी आयुष्यभर ऐकलेली आरोळी, पण घरच्या अंगणात पहिल्यांदाच.

पोपट कौलांवर जाऊन बसला. मान वाकडी करून पाहत राहिला. नानाजींनी पुन्हा डबा वाजवला.

तो पुन्हा आला.

त्याला वाटलं असेल, चुकून झालं. आजपर्यंत या हातानं त्याला कधी फसवलं नव्हतं. पुन्हा काठी फिरली. पुन्हा कौलांवर. पुन्हा डबा, आणि तो पुन्हा आला, या वेळी थोडा लांब, बाजेच्या त्या टोकाला, जिथं त्यानं पहिला दाणा खाल्ला होता. नानाजी वाकले, त्यांनी मातीचं ढेकूळ उचललं. मी "नका" म्हणाले बहुतेक. ढेकूळ त्याच्या पंखाला लागलं.

तो ओरडला नाही. उडाला, कौलांवर थांबला नाही, निंबावर थांबला नाही, लोंबता पाय घेऊन नाल्याकडे गेला.

नानाजी अंगणात डबा वाजवत राहिले. मी हात धरला तेव्हा थांबले. मग बाजेच्या आपल्या टोकाला जाऊन बसले, दुसऱ्या टोकाला पाठ करून, आणि रडले. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही नाही. मी शेजारी बसले. पोरांना खाऊ देऊन जवळ कसं करायचं ते मला येत होतं. दूर कसं करायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं.

त्या साली ते मचाणावर चढले नाहीत. ज्वारी पाखरांनी खाल्ली, आम्ही तेवढा कडबा घरी आणला. आयुषला मी फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबाले दे." काय बोलले दोघं मला माहीत नाही. नानाजी नुसतं "हो, हो" करत होते, पण फोन लवकर ठेवला नाही.

पुढच्या साली त्यांनी पुन्हा ज्वारी पेरली. दाणा भरला, तशी एका सकाळी मी त्यांच्यासोबत शेतात गेले. मचाणावर आम्ही दोघं बसलो. ऊन वर आलं आणि नाल्याकडून पोपट आले, नेहमीसारखा मोठा थवा, आणि कणसांवर पसरला.

नानाजी डबा हातात घेऊन उभे राहिले, पण वाजवेनात. नजर थव्यावर फिरत होती. मीही पाहत होते. धुऱ्याच्या बांधाजवळच्या कणसावर एक होता, एका पायावर तोल धरून बसलेला.

"वाजवा ना," मी हळूच म्हटलं. "खाऊन राह्यले ते."

त्यांनी काठी मारली, एकदाच. रिकामा डबा कसा वाजतो ते मला माहीत आहे. हा तसा वाजला नाही. सकाळी घरून निघताना ते डब्यात शेंगदाणे भरून आले होते.

बाकीच्या पोपटांनी नुसती मान वर केली होती, तोवर तो उडालासुद्धा. डावा पाय खाली लोंबत होता. सगळ्यांच्या आधी तो नाल्यापार गेला, मग बाकीचा थवा उठला.

"पाह्यलं?" नानाजी म्हणाले. "सगळ्यात आंधी उडाला. आता नाई लागत त्याले कोणाचा गोटा."

"हो," मी म्हटलं. "चांगला शिकला."

थोड्या वेळानं थवा परत आला. पोपटांचं तसंच असतं, हाकलले तरी ते फिरून येतात आणि माणसाला दिवसभर डबा वाजवावा लागतो. नानाजी वाजवत राहिले. सगळे जात होते, सगळे परत येत होते. एकटा तोच आला नाही.