दाराएवढी जागा

सुगंधा काजूच्या कारखान्यात सायकलने जायची. मालवणचा रस्ता अरुंद, त्यात दोन्ही बाजूंना पर्यटकांच्या गाड्या. ती कडेने, हळू, वळताना हात दाखवून चालवायची.

त्या सकाळी तिच्या दिराच्या, विनीतच्या होमस्टेसमोर उभ्या असलेल्या गाडीचं दार एकाएकी उघडलं. सुगंधा त्यावर आदळून रस्त्यात पडली. मागच्या रिक्षावाल्याने करकचून ब्रेक लावला, म्हणून वाचली.

गाडीतल्या पाहुण्याने आधी दारावरचा ओरखडा पाहिला. "बघून चालवता येत नाही?"

"दार तुम्ही उघडलंत," ती मनगट धरून म्हणाली.

विनीत फाटकातूनच बघत होता. धावत आला तो पाहुण्याकडे. "साहेब, तुम्ही आत चला. मी बघतो."

मनगट मोडलं होतं. संध्याकाळी विनीत मोसंबी घेऊन आला.

"वयनी, पोलिसात जाव नको. पावण्यांनी नेटवर वायट लिवल्यानी तर माझो सीझन जातलो."

"आणि माझो हात?"

"हात काय, बरो होतलो."

ती गेलीच. हवालदाराने साक्षीदार विचारला. रिक्षावाल्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. तिने दिराचं सांगितलं. विनीतला बोलावलं, तर तो शुद्ध मराठीत म्हणाला, "सायकल वेगात होती, साहेब. वहिनींना घाईच असते." तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

घरी आल्यावर नवरा, बाळा, एवढंच बोलला, "माझो भाव आसा तो. गप रव."

प्लास्टर निघालं, तरी मनगट पुरतं वळेना. कारखान्यात तिच्या जागी दुसरी बसली होती. सुगंधाने शिलाईचं काम धरलं. कपडे पोचवायला पुन्हा सायकल काढली. पण आता उभ्या गाड्यांपासून एका दाराएवढी जागा सोडून, जवळजवळ रस्त्याच्या मधूनच ती जायची. मागून हॉर्न वाजत राहायचे. ती हलायची नाही.

चतुर्थीला सगळं घर जेवायला बसलं. सुगंधा वाढत होती. विनीत हसत म्हणाला, "वयनी आता रस्त्याच्या मधसून जाता. रस्तो जसो काय तिचोच!"

सगळे हसले. बाळाही हसला.

"कडेन गेलंय तेव्हा दार लागला," ती म्हणाली. "आणि घरचो माणूस खोटा बोललो."

बाळा पानातच बघत पुटपुटला, "सणादिवशी कशाक आता?"

सुगंधाने वालीच्या भाजीचं पातेलं त्याच्यापुढे ठेवलं.

"वाढून घेवा," म्हणाली, आणि पदराला हात पुसत बाहेर गेली. तिला बोलवायला कोणी उठलं नाही.