डावी वहाण

शकुबाईच्या डाव्या वहाणेची बाहेरची कड झिजून पातळ झाली होती. उजवी जवळजवळ नवी होती. मी तिला दवाखान्याच्या खोलीत सरळ चालायला सांगितलं. चार पावलांत ती डावीकडे कलत औषधांच्या कपाटाला जाऊन टेकली.

"घरी लासुर्ण्यात बी अशीच चालती," तिची सासू रंगूबाई म्हणाली. "मला वाटलं, सून मला टाळतीया."

शकुबाई हसली आणि डोकं धरून खाली बसली.

सत्तावन्न सालचा कार्तिक होता. तिचं डोकं आषाढापासून दुखत होतं. आता सकाळच्या ओकाऱ्याही सुरू झाल्या होत्या. एक्स-रेत काही दिसलं नव्हतं. मी दिवा लावून तिचे डोळे आतून पाहिले. महिन्यापूर्वी डोळ्यातल्या नसेची कड जराशी फुगलेली होती. आज कड ओळखूच येईना. डोक्यात काहीतरी वाढत होतं. ते काय, हे मुंबईला नेऊन डोकं उघडल्याशिवाय कळणार नव्हतं आणि उशीर झाला तर नजर जाणार होती. हे मी मागच्या खेपेलाही सांगितलं होतं. सासरे आबासाहेब तेव्हा 'बघू' म्हणून उठले होते, आणि घरात शब्द त्यांचाच चाले. आज ते गुडघ्यावर टोपी ठेवून समोर बसले होते.

कृमीमुळेही मेंदूत गाठ होते, आणि तो संशय मला होताच. म्हणून विचारलं, "घरात कोणी डुकराचं मांस खातं?"

"बाई, आमी माळकरी," रंगूबाई म्हणाली. "अंडं बी आमचा उंबरा वलांडत न्हाय."

"भाजीच्या रानाला खत कुठलं?"

"सोनबा धनगर मेंढ्या बसवतो की दर उन्हाळ्यात," आबासाहेब म्हणाले. "लेंडीखतासारखं खत न्हाय."

"त्यांच्यात कधी आजारी मेंढी होती?"

"गेल्या साली एक गिरक्या घ्यायला लागली. सोनबानं कापली. असलं डोकं माणूस खात न्हाय, कळपाच्या कुत्र्यांस्नी टाकलं."

मी हातातला दिवा खाली ठेवला. अशा मेंढीच्या मेंदूत कृमीची पाण्याने भरलेली पिशवी असते. कुत्र्याने ती खाल्ली की कृमी त्याच्या पोटात वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेतून रानात पडतात. माणसाला त्यातून हा आजार क्वचितच होतो; मी तो फक्त वाचला होता. मी त्यांना तसं सांगितलं.

"ही मुळा उपटती, पदराला पुसती आन् खाती," रंगूबाई हळू म्हणाली.

आबासाहेबांनी विचारलं, "म्हंजी किडाच हाय, नक्की?"

"नाही. दुसरी गाठही असू शकेल. पिशवी असली तर काढता येते."

"आन् काढताना ही गेली तर?"

"तसंही होऊ शकतं."

गुडघ्यावरची टोपी आबासाहेबांनी उचलली, तेव्हा मला वाटलं, आताही उठणार.

शकुबाई सासऱ्यांशी थेट बोलत नसे. भिंतीकडे तोंड करून तिने विचारलं, "आत्याबाई, ती मेंढी कापली, तवा तिला दिसत हुतं का?"

रंगूबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

"न्हाय," आबासाहेब म्हणाले. "वाघुरीच्या जाळीला धडकत हुती."

त्यांनी टोपी पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

"मुंबईला न्यायची," ते म्हणाले. "डोकं उघडू द्या त्यास्नी."