डॉक्टरांची मासळीची पेटी

मी एक जुनी, मासळीची थर्माकोलची पेटी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. बारा वर्षं झाली, माझ्यात मासळी पडलेली नाही. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर जाळं टाकणाऱ्या मनिरामभाऊंनी मला एकच हंगाम वापरलं. मग मी डॉक्टर रीनांकडे आले. एचआयव्हीचा विषाणू आईकडून बाळाकडे कसा जातो आणि त्याला वाटेतच कसं अडवायचं, यावर त्या संशोधन करतात.

आधी त्या एचआयव्ही तपासणीची पाटी लावलेल्या जीपने गावोगाव फिरत. हेतू चांगला, पण चूक मोठी. जीप ज्या दारी थांबे, त्या घरी शेजारणी हळदीकुंकवालाही जाईनात. सात महिन्यांच्या गरोदर जिजाने तर त्यांना दारातच अडवलं.

"मॅडम, तुमची गाडी पाहून लोकं बोलून राहिले. मले गोळ्या नाही पायजे."

गोळ्या थांबल्या तर बाळाला धोका होता. डॉक्टर खिन्न होऊन धरणाच्या काठावर बसल्या. समोरच्या वस्तीत मनिरामभाऊ मला सायकलला बांधून घरोघर मासळी विकत होते. कायले आलास, असं त्यांना कुणीच विचारत नव्हतं. डॉक्टरांनी मला तिथेच मागून घेतलं.

मला घासूनपुसून, आत बर्फ आणि रक्ताच्या नळ्यांचा बंद डबा ठेवून, स्वतःच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळून त्या स्कूटीने जिजाकडे गेल्या. दार उघडलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, मोनू जन्मला, आणि त्याच्या प्रत्येक तपासणीचं रक्त मीच भंडाऱ्याला नेलं. शेजारच्या मालनबाईंनी एकदा अर्धा किलो मासळी मागितली. "संपली," डॉक्टर म्हणाल्या. पुढे त्यांचा शोधनिबंध छापून आला. त्यात मी 'शीतपेटी' आहे. वासाबद्दल एक अक्षर नाही.

मोनू दीड वर्षाचा झाला, तेव्हा शेवटचा अहवाल आला. मला फार भीती वाटत होती.

"मोनूले काही नाही, जिजा," डॉक्टर म्हणाल्या.

जिजा पदरात तोंड घालून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मॅडम, पुढच्या खेपेले जीप घेऊन या. माह्या दारातच उभी करा."

आता माझं झाकण मोडून दोरीने बांधलेलं आहे, तरी आंधळगावच्या एका घरी मला अजून लपूनछपून जावं लागतं. मित्रांनो, कुणाच्या दारी दवाखान्याची गाडी दिसली तर कुजबुजू नका. मी थकले आहे. मला सुट्टी द्यायची, तर ती तुम्हीच देऊ शकता.