आफ्रिकेला वळसा

केशोराव गुरुजींनी आमगावच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. मुंबई ते लंडन अंतर चुकलं, की पोराच्या हातावर छडी बसलीच. असा हा काटेकोर माणूस म्हातारपणी स्वतःच्या बायकोला मात्र बेधडक खोटा भूगोल शिकवत होता.

कारण मनिराम, त्यांचा एकुलता एक. लंडनला इंजिनीयर होऊन त्याला सात वर्षं झाली होती. तीन वर्षांपूर्वीच त्याने साफ लिहिलं होतं, ‘मी आता इथलाच. येणं होणार नाही. आईला तुम्हीच समजवा.’ गुरुजींनी ते पत्र वाचलं ते असं : ‘यायची फार इच्छा आहे, पण वाट लांबची.’ रुख्माबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत ऐकायच्या.

मग सुवेझचा कालवा बंद पडला आणि गुरुजींना घबाडच मिळालं. शाळेने मोडीत काढलेला पृथ्वीचा गोल घरी होता. त्यावर सुतळी धरून ते म्हणाले, "हे पाह्य, जहाजाले आता पुऱ्या आफ्रिकेले वळसा. महिना-दीड महिना यावाले, तेवढाच जावाले. त्याले रजा कोन देते?"

रुख्माबाईंनी सुतळीवरून बोट फिरवलं. "लेकरू थकून जाईन जी," म्हणाल्या.

पाच-सहा महिन्यांनी कालवा उघडला, पेपरात छापून आलं. गुरुजींच्या घरात तो काही उघडला नाही. रुख्माबाई मात्र दर हंगामाला नवा तांदूळ आला की मनिरामच्या वाट्याचा पायलीभर डब्यात भरून फळीवर ठेवायच्या.

त्या मार्गशीर्षात शेजारचा सुखराम मुंबईहून आला. तांदळाचा व्यापारी, मनाने चांगला. चांगल्या माणसांपासून कोण वाचवणार!

"काकी, खुशखबर!" तो ओसरीवरूनच ओरडला. "विमानाच्या हापिसात तुमच्यासाठी खास पुसून आलो. लंडन म्हणजे साडेचार हजार मैल. आज सकाळी बसला का उद्या सकाळी मुंबईत. बस, एक दिन! मनिरामभाऊनं मनात आणलं तर परवा तुमच्या अंगनात."

"ते मोठ्या साहेबलोकाइचं काम आहे," गुरुजी घाईने म्हणाले.

"मंग इंजिनीयर का लहान साहेब आहे, गुरुजी?" सुखराम हसला, चहा प्यायला आणि खुशीत निघून गेला.

रुख्माबाई बोटांवर हिशेब करू लागल्या. त्यांचं माहेर अर्जुनी मोरगावच्या पलीकडे. आमगावहून गोंदिया, तिथे गाडी बदलून छोटी रेल्वे, पुढे बैलगाडी. सकाळी निघालं की पोचेपर्यंत दिवस मावळायचा. तरी दर वर्षी त्या जाऊन यायच्याच.

"माह्या माहेराएवढंच दूर आहे का जी लंडन?"

गुरुजी धोतराच्या सोग्याने गोलावरची धूळ पुसू लागले.

"तुमाले मालूम होतं?"

"होतं," गुरुजी म्हणाले. इतक्या वर्षांत या घरात त्यांनी दिलेलं हे पहिलं बरोबर उत्तर. ते देताना म्हाताऱ्याला रडू फुटलं.

रुख्माबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, फळीवरचा डबा काढला, तांदूळ सुपात ओतला आणि खडे निवडू लागल्या.

"आज हाच शिजवून टाकू," त्या म्हणाल्या. "आन आता पत्रात ‘ये’ म्हून लिवू नका. दूर होता तवर बलावता येत होतं."