धुरपताबाईंचा काबुली बंब

मी एक समोवार, काबूलच्या पितळेचा. पोटात विस्तवाची नळी, बाहेर तोटी, डोक्यावर चहाची किटली. सध्या लातुरात, काचेच्या कपाटातून बोलतोय.

निवृत्तीसाहेब काबूलला आपल्या वकिलातीत होते. बहात्तरच्या दुष्काळात शिरूर अनंतपाळच्या विहिरी आटल्या, तेव्हा त्यांनी आई धुरपताबाईंना तिकडे नेलं. धुरपताबाईंची धाकटी बहीण पंचफुला मात्र गावीच राहिली. ती दुष्काळी कामावर खडी फोडायची. "पाऊस पडला की येते," असं धुरपताबाई तिला सांगून निघाल्या होत्या.

काबूलच्या घराला उंच भिंती. साहेब कचेरीत, सूनबाई पंचशीला मेजवान्यांत. धुरपताबाईंनी एकटीनं बाहेर पडायचं नाही. नळाला पाणी भरपूर. बोलायला माणूस नाही.

पहिल्याच सकाळी त्यांनी मला न्हाणीत नेलं, निखारे घातले आणि माझ्या पाण्यानं नातीला अंघोळ घातली. सूनबाई धावत आल्या. "अहो आत्याबाई, हा चहाचा समोवार आहे!"

"मग आदुगर सांगावं की. मला वाटलं बंबच हाय, दुस्काळानं बारका झालेला."

शेजारच्या गुलबीबी चहाला आल्या होत्या. साबणात माखलेली नात आणि मला शेजारी शेजारी पाहून त्या हसत खालीच बसल्या. मैत्री तिथंच जमली. भाषा वेगळ्या, पण दरवाजा, जमीन, हवा, खबर हे शब्द दोघींचेही. गुलबीबी भेटल्या की विचारायच्या, "चि खबर?" म्हणजे, कसं काय? धुरपताबाईंनी ते उचललं. साहेब घरी आले की यांचं सुरू, "चि खबर, निवृत्ती? पाऊस पडला का? मला कवा धाडतूस?"

"धाडतो माय. जरा दम धर."

मग गावाकडून खबर आली. खडीवर ऊन लागून पंचफुला गेली होती. साहेब सूनबाईंना म्हणाले, "मायला आता सांगायला नको. इथं कुणाच्या गळ्यात पडून रडेल ती?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. रोजच्या प्रश्नाला ते "ठीक आहे" म्हणत राहिले.

एका संध्याकाळी दोघी माझ्याजवळ चहा पीत होत्या. गुलबीबींनी सवयीनं साहेबांना विचारलं, "चि खबर?" साहेबांना राहवलं नाही. आईला काय कळतंय, असं समजून ते फारसीत हळूच बोलले, "खाला फौत शुद." म्हणजे, मावशी वारली.

पण ही बाई निजामाच्या मुलखात वाढलेली. घरातलं माणूस गेलं की पटवारी कागदावर 'फौत' लिहायचा, हे तिला लहानपणापासून ठाऊक.

"कोण फौत?" त्यांनी कप खाली ठेवला. "निवृत्ती, कोण? पंचफुला?"

साहेबांनी होकाराची मान हलवली.

"कवा?"

"महिना होत आला, माय."

"आन् मी हितं बसून च्या पीत राहिले!"

गुलबीबींनी त्यांना मिठीत घेतलं. दोघी आपापल्या भाषेत रडल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "तिकीट काढतो, माय."

"ऱ्हाऊ दे. आता कुणाकडं जाऊ?"

पुढं लातूर जिल्हा झाला, साहेबांनी इथं घर बांधलं. शिरूरची गाडी घरावरून जायची. धुरपताबाई खिडकीत उभ्या राहायच्या. गाडीत कधी बसल्या नाहीत. गेल्या साली त्याही गेल्या. साहेब अधूनमधून कपाट उघडतात, मला पुसतात, पुन्हा कुलूप लावतात. पेटवत नाहीत.

वाचणाऱ्यांनो, कुणाच्या माणसाची खबर तुमच्या हाती आली, तर त्याच दिवशी सांगा. इथं रडायला जागा नाही असं वाटलं, तरी सांगा. जागा ज्याची तो करून घेतो.