एल्केचा तोल

आईच्या पंचाहत्तरीला ग्रोनिंगन शहरातल्या घरात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. कॉफीची दुसरी फेरी चालू असतानाच एल्के दारात धडपडला. भिंत धरत कसाबसा आत आला, तोच हातातली फुलं निसटून केकवर पडली.

"झालं सुरू!" एल्केच्या थोरल्या बहिणीचा, वीत्स्केचा, नवरा हार्मेन म्हणाला. "अकरा महिने टिकलास, गड्या. आजचा दिवस तरी सोडायचास."

आईचा चेहरा पडला. "माझ्या वाढदिवसाला, एल्के?"

"नाही गं आई... घेतली नाही..." जीभ जड झाली होती, शब्द फरफटत होते. तो खुर्चीत कोसळला आणि भडाभडा ओकला.

वीत्स्केचंही डोकं फिरलं. याच्या व्यसनाचे घोळ तिने दहा वर्षं निस्तरले होते. बादली घेऊन ती वाकली आणि थबकली. ओकारीला सकाळच्या कॉफीचा वास होता. दारूचा अजिबात नव्हता.

वीत्स्के डॉक्टर नव्हती. दान आलेले देह वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी तयार करायचे, हे तिचं काम. वीस वर्षांत शेकडो मेंदू तिच्या हातांखालून गेले होते. डोक्याच्या मागे, तळाशी असलेला बारीक घड्यांचा लहान मेंदू तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तोल, चाल, बोलण्याची लय तोच सांभाळतो. त्याच्या पुढ्यात, अगदी खेटून, अंगठ्याएवढा मस्तिष्कस्तंभ असतो. श्वास, हृदयाचे ठोके, शुद्ध, सगळं त्याच्या हाती.

"एल्के, बोट नाकाला लाव. आता दुसऱ्या हाताचं."

डावं नीट लागलं. उजवं थरथरत गेलं आणि गालावर आपटलं.

"डोकं दुखतंय?"

"मागे... फुटतंय नुसतं..."

"हार्मेन, ॲम्ब्युलन्स बोलाव."

"अगं, झोपू दे त्याला. उतरेल."

"बोलाव म्हणते ना! लहान मेंदूत रक्तस्राव झाला असणार. तिथे जागा कुठेय? सूज वाढली की पुढचा मस्तिष्कस्तंभ चेपला जातो. श्वासच थांबेल त्याचा!"

हार्मेनने फोन उचलला.

एल्केचे डोळे मिटू लागले. वीत्स्केने त्याला कुशीवर वळवलं, खांद्याला चिमटे काढले, हाका मारल्या. श्वास घरघरत आला आणि थांबला. ती मनात आकडे मोजू लागली. सहा. सात. आठव्याला छाती हलली.

"आई, हाक मार त्याला. जोरात."

आई गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या लहानपणीच्या नावाने ओरडू लागली. गाडी येईपर्यंत थांबली नाही.

इस्पितळात नर्सने विचारलं, "दारू घेतलीय का यांनी?"

वीत्स्केने तोंड उघडायच्या आत आईच बोलली, "नाही. अकरा महिने थेंब नाही."

सर्जनबाईंनी कवटी मागून उघडून रक्ताची गाठ काढली. तीन तासांनी बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "स्तंभावरचा दाब गेलाय. श्वास स्वतःचा स्वतः घेतायत."

आईने हार्मेनकडे पाहिलंसुद्धा नाही. तो उठून सगळ्यांसाठी पाणी घेऊन आला.

एल्के वाचला. उजव्या हाताने चमचा तोंडाशी न्यायला त्याला पाच आठवडे लागले. चाल मात्र आजही फेंगडीच आहे. रस्त्यात कुणी वळून पाहिलं, की आई त्याचा दंड धरते आणि हळूच विचारते, "थांबायचं का रे जरा?"